जुनी एएस/४०० हळू चालते तेव्हा: कशाला आधी हात लावायचा, कशाला शेवटी

"मशीन फार स्लो झालंय, मेमरी वाढवून बघू का?" हा प्रश्न माझ्याकडे येतो तोवर तीन-चार गोष्टी आधीच बदलून झालेल्या असतात. कुणीतरी पूलचे (मेमरीच्या वाटलेल्या हिश्श्यांचे) आकडे हलवलेले असतात, रात्रीच्या बॅचची प्रायॉरिटी चढवलेली असते, रविवारी बसून सगळ्या फाइली रीऑर्गनाइझ केलेल्या असतात. सोमवारी मशीन तसंच. किंवा थोडं जास्तच हळू, आणि आता कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही.

या मशीनवर उपाय फारसे चुकत नाहीत, त्यांचा क्रम चुकतो. खाली क्रम दिला आहे तो एएस/४०० (आयबीएमचा धंद्याच्या कामाचा सर्व्हर) आणि त्याचंच पुढचं नाव आयसिरीज, यांच्या जुन्या मॉडेलांसाठी, साधारण व्ही४ आणि व्ही५ रिलीजवर चालणाऱ्या आरपीजी (प्रोग्रॅमची भाषा) आणि सीएल (मशीनच्या कमांडची भाषा) यांतल्या अ‍ॅप्लिकेशनसाठी आहे. कमांडची पूर्ण नावं लिहिली आहेत, आखूड नावं तुमच्या बोटांना पाठ असतीलच.

## तयारी: हात लावण्याआधी

एक वही किंवा साधी फाइल उघडा आणि त्यात तक्रार नेमक्या शब्दांत लिहा. "सगळं स्लो आहे" ही तक्रार नव्हे. "ऑर्डर एंट्रीत एंटर मारल्यावर पुढचा स्क्रीन यायला आठ सेकंद लागतात, सकाळी अकरानंतर" ही तक्रार. कुठला प्रोग्रॅम, कुठला युजर, किती वाजता, रोज की फक्त महिनाअखेरीस, एवढं तरी हवं.

मग मोजमाप चालू करा. व्ही४आर४ पासून पुढे कलेक्शन सर्व्हिसेस मशीनमध्येच आहे. ती बंद असेल तर चालू करून निदान एक पूर्ण आठवडा चालू द्या, त्यात एखादी जड बॅच यायलाच हवी. शेजारी हाताने तीन आकडे लिहा: त्या स्क्रीनचा रिस्पॉन्स, रात्रीच्या मुख्य बॅचची सुरू आणि संपायची वेळ (जॉब लॉगमधून), आणि सिस्टिम एएसपी (सगळ्या डिस्कांची मिळून एक साठवण) किती टक्के भरलंय.

सध्याच्या सेटिंगचीही नोंद ठेवा. वर्क विथ सिस्टम व्हॅल्यू आणि वर्क विथ शेअर्ड पूल्स यांचे प्रिंट काढा, सबसिस्टिमची (जॉब ज्या गटांत चालतात त्यांची) वर्णनं प्रिंट करा. मागे फिरायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो.

तपासा: शेवटचा पूर्ण सेव्ह कधी झाला? आणि त्यातून एखादी फाइल खरंच रिस्टोर करून पाहिली आहे का? उत्तर "असेल बहुतेक" असेल, तर आधी ते करा.

## टप्पा १: जॉब नक्की कशाची वाट पाहतोय

हळू चालणारा जॉब चारपैकी एका गोष्टीसाठी थांबलेला असतो: सीपीयू, डिस्क, मेमरीत पान (डेटाचा ठरावीक तुकडा) येणं, किंवा दुसऱ्या जॉबने धरलेला लॉक. यातली कुठली, हे कळेपर्यंत कशालाही हात लावू नका.

१. वर्क विथ सिस्टम स्टेटस उघडा आणि एफ१० दाबून आकडे शून्यावर आणा. पाच मिनिटं थांबून एफ५ दाबा. पहिल्याच स्क्रीनचे आकडे पाहून निष्कर्ष काढणं ही अगदी नेहमीची चूक. मागच्या कुठल्यातरी लांबलचक कालावधीची ती सरासरी असते, किंवा इतक्या छोट्या क्षणाची की तिला काही अर्थ नसतो.

२. वर्क विथ अ‍ॅक्टिव्ह जॉब्समध्येही तसंच करा आणि एफ११ ने सीपीयू आणि आय/ओचा स्तंभ दिसेल असा व्ह्यू घ्या. ही कमांड स्वतःही सीपीयू खाते. छोट्या मॉडेलवर दोघा-तिघांनी ती दिवसभर ऑटो-रिफ्रेशवर उघडी ठेवली, तर यादीत वर तीच दिसते.

३. आता तक्रार असलेला एक जॉब निवडा आणि वर्क विथ जॉबमध्ये शिरा. पर्याय ११ कॉल स्टॅक, १२ लॉक, १४ उघड्या फाइली. चौदावा माझा सगळ्यात लाडका आहे. प्रत्येक फाइलसमोर आय/ओची संख्या दिसते. एफ५ दाबत राहा आणि कुठल्या फाइलचा आकडा पळतोय ते पाहा. एका स्क्रीनसाठी ऑर्डर हेडरचा आकडा २ ने वाढतोय आणि दर-फाइलचा १४,००० ने, असं दिसलं तर दुखणं सापडलंच. पूल, मेमरी, डिस्क हे सगळे टप्पे ओलांडून थेट टप्पा ५ वर जा.

सीपीयू ३० टक्के, डिस्क शांत, फॉल्ट (पान मेमरीत नसल्याने डिस्कवरून आणावं लागणं) नगण्य, आणि तरी युजर म्हणतो "स्क्रीन अडकतो", तर तो बहुधा रेकॉर्ड लॉक आहे. डिस्प्ले रेकॉर्ड लॉक्स ही कमांड त्या फाइलवर चालवा. फाइलचा रेकॉर्ड-वेट टाइम मुद्दाम बदललेला नसेल तर ६० सेकंद असतो, म्हणून युजरला एक मिनिट मशीन मेल्यासारखं वाटतं. पलीकडे प्रोग्रॅम कसा असतो तर: अपडेटसाठी उघडलेल्या फाइलवर चेन करून (किल्लीने शोधून वाचून) रेकॉर्ड धरला, स्क्रीन दाखवला आणि माणूस चहाला गेला. उपाय म्हणजे स्क्रीन दाखवण्याआधीचं वाचन लॉक न लावता करायचं, म्हणजे चेनच्या पुढे कंसात एन. लिहिण्याच्या क्षणी रेकॉर्ड पुन्हा लॉकसकट वाचायचा आणि मध्ये कुणी बदलला नाही ना ते ताडून मग अपडेट. हे ताडणं गाळलं तर वेग मिळेल, पण एकाने केलेला बदल दुसरा पुसेल.

सावधान: वेट टाइम ६० वरून ५ सेकंदांवर आणला की तक्रार संपत नाही, तिचं रूप बदलतं. एरर हाताळणी न लिहिलेले प्रोग्रॅम मग पाचव्या सेकंदाला मेसेज देऊन आडवे होतात.

## टप्पा २: सबसिस्टिम, पूल आणि प्रायॉरिटी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मिळतं सगळ्यात कमी. तरी पायाच वाकडा असेल तर तो सरळ करून घ्यावा लागतो.

कंट्रोलिंग सबसिस्टिम. मशीन मूळच्या मांडणीवर, म्हणजे क्यूबेसवर चालत असेल तर इंटरअ‍ॅक्टिव्ह, बॅच आणि कम्युनिकेशनची कामं एकाच छताखाली कोंबलेली असतात. ती क्यूसीटीएल वर आणली की क्यूइंटर, क्यूबॅच, क्यूसीएमएन वेगळ्या होतात आणि प्रत्येकीला वेगळी मेमरी देता येते. हा बदल पुढच्या आयपीएलनंतरच (मशीन पुन्हा सुरू केल्यावरच) लागू होतो. तुमचा स्टार्टअप प्रोग्रॅम या सबसिस्टिम सुरू करतो ना, ते आयपीएलच्या आधी वाचून घ्या. आयपीएल झाल्यावर सकाळी आठला नव्हे.

बॅचला स्वतःचा पूल. मूळ मांडणीत क्यूबॅचची कामं *बेस पूलमध्येच चालतात. दिवसा जड बॅच चालत असेल तर *शेअरपूल१ ला थोडी मेमरी द्या आणि क्यूबॅचच्या वर्णनात तो दुसऱ्या क्रमांकाचा पूल म्हणून जोडा. इथे दहापैकी सहा जण थांबतात, असं म्हटलं तरी चालेल. पूल जोडला, पण राउटिंग एंट्री (जॉब कुठल्या पूलमध्ये चालेल ते ठरवणारी नोंद) अजून पूल १ कडेच बोट दाखवतेय. जॉब जुन्याच जागी चालतात आणि नव्या पूलमधली मेमरी नुसती पडून राहते; म्हणजे आधीपेक्षा वाईट. चेंज राउटिंग एंट्रीने पूल क्रमांक २ करा आणि वर्क विथ अ‍ॅक्टिव्ह जॉब्समध्ये पूलचा स्तंभ काढून खात्री करा.

अ‍ॅडजस्टर की हात, एकच काहीतरी. क्यूपीएफआरएडीजे ही सिस्टम व्हॅल्यू २ किंवा ३ असेल तर मशीन स्वतः पूलमधली मेमरी इकडेतिकडे करत असतं. त्याच वेळी तुम्ही हाताने आकडे टाकलेत तर थोड्या वेळात ते पुसले जातात. "मी तर वाढवून दिली होती" ही तक्रार इथून येते. अ‍ॅडजस्टर चालू ठेवायचा असेल तर वर्क विथ शेअर्ड पूल्समध्ये एफ११ ने ट्यूनिंगचा व्ह्यू उघडा आणि पूलनिहाय किमान-कमाल टक्के ठरवा. नाहीतर व्हॅल्यू ० करा आणि पुढची सगळी जबाबदारी स्वतः घ्या. दिवसा इंटरअ‍ॅक्टिव्ह आणि रात्री बॅच अशी नेमकी विभागणी असेल, तर अ‍ॅडजस्टर बंद आणि जॉब शेड्यूलवर चालणारे दोन छोटे सीएल प्रोग्रॅम, एक संध्याकाळचा, एक पहाटेचा, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

फॉल्ट वाचताना. पहिली नजर मशीन पूलवर टाका. तिथले फॉल्ट सेकंदाला दहाच्या खाली असावेत असा जुना दंडक आहे आणि तो अजून चालतो, कारण मशीन पूलमधला फॉल्ट सगळ्यांना थांबवतो. बाकी पूलांसाठी एकच आकडा धरून बसू नका. एका एंटरमागे ५ फॉल्ट आणि प्रत्येकी १० मिलिसेकंद धरले तर होतात ५० मिलिसेकंद. आठ सेकंदांच्या तक्रारीचं उत्तर त्यात नाही.

पेजिंग. शेअर्ड पूलचा पेजिंग पर्याय *फिक्स्ड असेल तर *कॅल्क करून पाहा. सलग वाचणाऱ्या जॉबसाठी मशीन मग मोठे तुकडे आगाऊ उचलतं. लगेच मागे घेता येतो असा बदल आहे, म्हणून निवांत करा.

प्रायॉरिटीबद्दल थोडक्यात: आकडा लहान म्हणजे मान मोठा. इंटरअ‍ॅक्टिव्ह २०, बॅच ५०. बॅच लवकर संपावी म्हणून तिला २० दिली की सगळे स्क्रीन तिच्या मागे रांगेत उभे राहतात. त्याचंच भावंड म्हणजे जॉब क्यूची एकाच वेळी चालणाऱ्या जॉबची मर्यादा १ वरून ८ करणं. एकच प्रोसेसर आणि जेमतेम मेमरी असलेल्या मशीनवर आठ बॅच एकमेकांची पानं हुसकावत बसतात आणि एकामागून एक चालवल्या असत्या तर लागला असता त्यापेक्षा जास्त वेळ घेतात.

तपासा: मशीन इंटरअ‍ॅक्टिव्ह क्षमता वेगळी विकत घ्यायच्या जमान्यातलं सर्व्हर मॉडेल आहे का? असेल तर ५२५० (टर्मिनलच्या) स्क्रीनचं काम ठरलेल्या हिश्श्यापलीकडे गेलं की सीएफइंट नावाची अंतर्गत कामं सीपीयू खायला लागतात आणि बॅचसकट सगळं बसतं. इथे पूल हलवून काही होत नाही. स्क्रीनवरून थेट चालणारे रिपोर्ट आणि क्वेरी सबमिट जॉबने बॅचमध्ये ढकला, हाच इलाज.

## टप्पा ३: डिस्क

वर्क विथ डिस्क स्टेटस. पुन्हा तेच: आकडे शून्यावर, मग काही मिनिटं थांबा. बिझीचा टक्का सतत ४० च्या वर असेल तर रांग लागायला सुरुवात झालेली असते.

सरासरीपेक्षा डिस्कांमधला फरक बघा. एकच डिस्क ६० वर आणि बाकीच्या १५ वर असतील, तर विचारा: ती नंतर बसवली होती का? नवी डिस्क रिकामी असते, म्हणून नवा डेटा जास्त करून तिच्यावरच जातो, आणि ताजा डेटाच सगळ्यांना हवा असतो. स्टार्ट एएसपी बॅलन्स कमांड क्षमतेच्या पर्यायाने, सुट्टीच्या दिवशी.

सगळ्याच डिस्क हळू आहेत, तेही अचानक एका दिवसापासून, आणि लिहिणाऱ्या बॅच दुप्पट-तिप्पट वेळ घेताहेत? कंट्रोलर कार्डाच्या कॅशची बॅटरी बघा. बॅटरी संपली की कार्ड राइट-कॅश बंद करतं, आणि प्रत्येक लेखन डिस्कपर्यंत पोचेपर्यंत जॉब थांबतो. याची सूचना सिस्टम ऑपरेटरच्या मेसेज क्यूत आधीपासून पडलेली असते. ती क्यू कुणी वाचत नाही, कारण त्यात प्रिंटरचे शेकडो मेसेज असतात. सर्व्हिस टूल्समधल्या हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजरमध्ये बॅटरी असलेल्या कार्डांची यादी मिळते.

सावधान: कॅश चालू असताना बॅटरी खेचून काढायची नसते. ती बदलायची ठरलेली पद्धत आहे, आणि कॅशमधला डेटा गेला तर सेव्हवरून उभं राहावं लागेल.

एएसपी ८० टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर जागा रिकामी करा. रात्री रिट्रीव्ह डिस्क इन्फर्मेशन, सकाळी प्रिंट डिस्क इन्फर्मेशन, आणि कोण किती जागा अडवून बसलंय ते दिसेल. माझ्या अनुभवात पहिले चार ओळखीचेच निघतात: सुटलेले जर्नल रिसीव्हर (फाइलींतल्या बदलांची नोंद साठवणारे), कधीकाळी "फक्त आजच्यापुरती" केलेली लायब्ररीची कॉपी, सेव्ह फाइली आणि स्पूल (छपाईसाठी साठलेले रिपोर्ट). स्पूलचं आणखी एक लफडं आहे. स्पूल फाइल शिल्लक असेपर्यंत संपलेला जॉबही सिस्टिममध्ये नोंदलेला राहतो. सिस्टम स्टेटसवर "जॉब्स इन सिस्टम" चा आकडा लाखात असेल तर जॉब सुरू होणं, शोधणं, आयपीएल, सगळंच जड होतं.

सावधान: जर्नल रिसीव्हर सेव्ह झाल्याशिवाय उडवू नका. आणि दुसऱ्या मशीनवर नक्कल पाठवणारं सॉफ्टवेअर असेल, तर त्याने तो रिसीव्हर वाचून संपवलाय का, ते आधी बघा.

## टप्पा ४: फाइली

खरं सोनं इथून पुढे आहे. सुरुवात करा तक्रारीच्या जॉबने उघडलेल्या फाइलींपासूनच, अख्ख्या लायब्ररीपासून नको.

### ४.१ फोर्स रेशो

डिस्प्ले फाइल डिस्क्रिप्शनमध्ये "रेकॉर्ड्स टु फोर्स अ राइट" शोधा. तिथे १ असेल तर प्रत्येक रेकॉर्डमागे जॉब डिस्कची वाट पाहतो. पूर्वी वीज जाण्याच्या भीतीने असं ठेवलं जायचं. ते *नन करा, आणि सुरक्षिततेसाठी फाइल जर्नल करा. क्रम हाच: आधी जर्नल, मग *नन. सीएलमधल्या ओव्हरराइडमध्येही हा पॅरामीटर दडलेला असतो, तिथेही शोधा.

### ४.२ पुसलेले रेकॉर्ड

फाइलच्या वर्णनात चालू आणि पुसलेले, दोन्ही आकडे असतात. चालू ३ लाख आणि पुसलेले ११ लाख असं दिसलं की हात शिवशिवतात. जरा थांबा. प्रोग्रॅम किल्लीने एकेक रेकॉर्ड चेन करत असेल तर पुसलेल्यांचा त्याला फारसा त्रास नाही, इंडेक्समध्ये ते नसतातच. त्रास सलग वाचणाऱ्याला. म्हणून रीऑर्गनाइझ करून ऑर्डर एंट्री वेगवान होईल अशी आशा धरू नका, रात्रीचा रिपोर्ट होईल.

रीऑर्गनाइझ फिजिकल फाइल मेंबर चालवताना किल्लीची फाइल सांगितली तर रेकॉर्ड किल्लीच्या क्रमाने मांडले जातात. एका ग्राहकाच्या चाळीस ओळी चाळीस पानांत विखुरलेल्या असतात त्या दोन-तीन पानांत येतात. रेकॉर्ड ४ केबीच्या पानांतून वाचले जातात हे लक्षात घेतलं की यातली बचत कळते. पुसलेल्यांची जागा मोकळी करण्यापेक्षा हा फायदा बऱ्याचदा मोठा असतो.

आता धोके, सविस्तर, कारण मी स्वतः इथे आपटलोय. दुसऱ्या सिस्टिमकडे नोंदी पाठवणारी एक फाइल होती, खूप पुसलेले रेकॉर्ड. शनिवारी रीऑर्गनाइझ केली. तिचा प्रोग्रॅम शेवटचा वाचलेला रेकॉर्ड क्रमांक डेटा एरियात ठेवत असे आणि पुढच्या वेळी तिथून पुढे वाचत असे. डेटा एरियात ८१ हजारांच्या पुढचा क्रमांक, आणि आवळलेल्या फाइलीत उरले ५२ हजार रेकॉर्ड. प्रोग्रॅमला "पुढे काही नाही" असं वाटलं. एरर नाही, मेसेज नाही. मंगळवारी पलीकडून फोन आला तेव्हा कळलं की दोन दिवस एकही नोंद गेलेली नाही.

म्हणून आधी शोधा: ही फाइल कुणी रिलेटिव्ह रेकॉर्ड नंबरने (फाइलीतल्या जागेच्या क्रमांकाने) किंवा आगमनाच्या क्रमाने वाचतं का? "पुसलेल्यांची जागा पुन्हा वापरा" हा पर्याय *येस करतानाही हाच प्रश्न, कारण त्यानंतर नवा रेकॉर्ड शेवटीच जाईल याची हमी उरत नाही.

तपासा, रीऑर्गनाइझच्या आधी:
- फाइलचा ताजा सेव्ह आहे.
- फाइलच्या आकाराएवढी तरी जागा डिस्कवर मोकळी आहे.
- फाइल कुणी उघडलेली नाही. व्ही५आर३ पासून मध्येच थांबवता येणारा, वापर चालू असताना चालणारा प्रकार आहे, पण त्याला फाइल जर्नल केलेली लागते.
- लॉजिकल फाइलींचे (मूळ, म्हणजे फिजिकल फाइलीवरच्या वेगळ्या किल्लीच्या व्ह्यूंचे) इंडेक्स पुन्हा बांधायचा वेळ हिशेबात धरला आहे.

सावधान: साध्या प्रकाराने चाललेला रीऑर्गनाइझ जॉब वेळ संपत आली म्हणून मारू नका. मेंबर (फाइलचा डेटा असलेला भाग) खराब होऊ शकतो.

### ४.३ लॉजिकल फाइलींची गर्दी

डिस्प्ले डेटाबेस रिलेशन्स चालवा आणि मोजा. एका फिजिकलवर २२ लॉजिकल असतील आणि सगळ्यांची देखभाल तात्काळ असेल, तर एक रेकॉर्ड लिहिणं म्हणजे २२ ठिकाणी नोंद करणं.

उडवायची घाई करू नका, कारण "शेवटचा वापर" ही तारीख इथे फसवते. प्रोग्रॅमने फाइल उघडली तर ती बदलते. एसक्यूएलच्या ऑप्टिमायझरने फक्त तिचा इंडेक्स वापरला तर बदलत नाही. तीन वर्षं अस्पर्श दिसणारी लॉजिकल काढली आणि दुसऱ्या दिवशी क्वेरी तास-तास चालली, हे घडतं. नव्या रिलीजवर सिसइंडेक्सस्टॅट व्ह्यूमध्ये क्वेरीने केलेल्या वापराची तारीख वेगळी मिळते. जुन्या रिलीजवर लॉजिकलची डीडीएस (तिचं वर्णन लिहिलेला सोर्स) जपून ठेवा, ती शांत आठवड्यात काढा आणि महिनाअखेर जाईपर्यंत लक्ष ठेवा.

काहीही न उडवता भार हलका करायची युक्ती म्हणजे इंडेक्सची वाटणी. एक किल्ली "ग्राहक, तारीख" आणि दुसरी "ग्राहक, तारीख, बिल क्रमांक" असेल, तर पहिलीला दुसरीचाच इंडेक्स वापरता येतो. पण लांब किल्लीची लॉजिकल आधी तयार झालेली असेल तरच. आखूड आधी झाली की दोन इंडेक्स होतात आणि तसेच राहतात. मग आखूड काढून पुन्हा तयार करा आणि वर्णनात वाटणी "येस" झाली का बघा.

रात्री फाइल रिकामी करून पुन्हा भरणारी बॅच असेल तर भरण्याआधी लॉजिकलचे मेंबर काढा, भरा, मग पुन्हा जोडा. लाखो वेळा थोडं थोडं बांधण्यापेक्षा इंडेक्स एकदाच बांधणं स्वस्त पडतं.

### ४.४ इंडेक्सची कमाल मर्यादा

फार जुन्या काळी तयार झालेल्या फाइलींच्या वर्णनात अ‍ॅक्सेस पाथचा (म्हणजे इंडेक्सचा) आकार *मॅक्स४जीबी दिसतो. याचा अर्थ नुसता आकारापुरता नाही. अशा इंडेक्समध्ये नोंद करताना जॉब अख्खा इंडेक्स धरतो; *मॅक्स१टीबी प्रकारात फक्त संबंधित भाग. वीस जण एकाच फाइलीत लिहीत असतील तर फरक डोळ्यांना दिसतो. चेंज फिजिकल फाइलने बदला, लॉजिकलसाठी चेंज लॉजिकल फाइलने. इंडेक्स पुन्हा बांधले जातात, म्हणून रात्रीच.

## टप्पा ५: प्रोग्रॅम

### ५.१ एलआर आणि फाइल उघड-बंद

एक खरा हिशेब करू. ४०,००० ऑर्डर ओळींची बॅच. प्रत्येक ओळीसाठी दर काढणारा छोटा प्रोग्रॅम कॉल होतो. तो सहा फाइली उघडतो, दोन रेकॉर्ड वाचतो, शेवटी एलआर (लास्ट रेकॉर्ड, म्हणजे काम संपल्याची खूण) इंडिकेटर चालू करून परततो. एलआर चालू म्हणजे सगळ्या फाइली बंद. ४०,००० गुणिले ६, म्हणजे २,४०,००० वेळा उघडणं आणि तितक्याच वेळा मिटणं. एकेका जोडीला समजा १० मिलिसेकंद धरले तर ४० मिनिटं होतात, आणि त्यात दर काढण्याचं काम जवळपास नाहीच.

एलआर न लावता नुसतं रिटर्न करा. फाइली उघड्या राहतात, पुढचा कॉल झटपट होतो. कॉल स्टॅक घेतला की वर सतत फाइल उघडणारे सिस्टम प्रोग्रॅम दिसतात, ती याची खूण.

एलआर काढल्यावर दुसऱ्या दिवशी उलटणाऱ्या गोष्टी:

- चलांमध्ये मागच्या कॉलची किंमत तशीच राहते. सुरुवातीच्या व्हॅल्यू एकदाच लागतात, सुरुवातीचं सबरुटीनही एकदाच चालतं. हवी ती चलं प्रत्येक कॉलला स्वतः शून्य करा.
- इंडिकेटर आणि फाइलमधली जागा मागच्या कॉलसारखीच राहते. सेटएलएल (वाचायची जागा ठरवणं) न करता थेट रीड करणारा कोड फसतो.
- बॅचच्या शेवटी त्या प्रोग्रॅमला "आता मिट" सांगणारा एक कॉल हवा, तेव्हाच एलआर लावायचा.

आयएलई आरपीजी (आरपीजीचा नवा प्रकार) असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप (प्रोग्रॅम ज्यात चालतो तो जॉबमधला कप्पा) बघा. वारंवार कॉल होणारा प्रोग्रॅम *न्यू मध्ये बांधला असेल तर प्रत्येक कॉलला ग्रुप उभा राहतो आणि मोडतो, फाइलींसकट. मग एलआर काढूनही फरक पडत नाही. नाव दिलेला ग्रुप किंवा *कॉलर वापरा.

### ५.२ ब्लॉकिंग

फक्त वाचणाऱ्या किंवा फक्त लिहिणाऱ्या फाइलीत रेकॉर्ड गठ्ठ्याने येऊ शकतात. मूळचा गठ्ठा छोटा असतो: ४,०९६ बाइटच्या बफरात २०० बाइटचे २० रेकॉर्ड. ओव्हरराइड विथ डेटाबेस फाइलमध्ये सीक्वेन्शियल-ओन्ली *येस आणि संख्या ५०० द्या, तर सलग रिपोर्टचा वेळ दिसण्याइतका उतरतो. कोड बदलावा लागत नाही, सीएलमध्ये एक ओळ.

फाइल अपडेटसाठी उघडली असेल तर हे लागू होत नाही. एकाही ठिकाणी अपडेट न करणारे, पण एफ-स्पेकमध्ये (फाइली जाहीर करायच्या ओळींत) सवयीने अपडेट लिहिलेले प्रोग्रॅम मी मोजायचं सोडून दिलंय. तिथे इनपुट करा, लॉकही वाचतील.

सावधान: गठ्ठ्यातले रेकॉर्ड वाचले त्या क्षणाचे असतात. दुसरा जॉब मध्येच बदल करत असेल आणि तुम्हाला ताजी किंमत हवी असेल, तर तिथे मोठा गठ्ठा नको.

### ५.३ ओपन क्वेरी फाइल आणि एसक्यूएल

संशयित जॉब डीबग मोडमध्ये चालवा (स्टार्ट डीबग, अपडेट-प्रॉडक्शन *येस असेल तरच खऱ्या डेटावर) आणि जॉब लॉग वाचा. सीपीआय४३२१ हा मेसेज म्हणजे मशीनने तात्पुरता इंडेक्स बांधला. सीपीआय४३२९ म्हणजे फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सीपीआय४३२एफ मध्ये कुठल्या किल्लीचा इंडेक्स हवा ते मशीन स्वतःच सुचवतं. रोज शंभरदा चालणाऱ्या सीएलमध्ये सीपीआय४३२१ दिसला तर तो इंडेक्स कायमचा बांधा. वर्षातून एकदा चालणाऱ्यासाठी नको, टप्पा ४.३ आठवा.

एसक्यूएलमध्ये फ्रॉमच्या पुढे लॉजिकलचं नाव न देता फिजिकलचं द्या. व्ही५आर२ पासून आलेलं नवं क्वेरी इंजिन डीडीएस लॉजिकलचं नाव दिसलं की बाजूला होतं आणि काम जुन्या इंजिनाकडे जातं.

## टप्पा ६: बदल लागू करताना

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर निदान एक पूर्ण कामाचा दिवस. वहीत बदल, तारीख, जुनी किंमत आणि तयारीत लिहिलेल्या तीन आकड्यांची आजची स्थिती. दोन दिवसांत आकडा हलला नाही तर बदल मागे घ्या. "राहू दे, नुकसान तर नाही" म्हणून ठेवलेले बदल सहा महिन्यांनी कोडं बनतात.

प्रोग्रॅमचे बदल करताना जुना ऑब्जेक्ट वेगळ्या लायब्ररीत जपा. नवा प्रोग्रॅम आणल्यावर आधीच लॉगइन असलेल्यांच्या जॉबमध्ये जुनाच चालू राहू शकतो. एलआर काढला असेल तर हमखास. मोजायच्या आधी सगळ्यांना साइनऑफ करायला लावा.

हे सगळं करूनही सीपीयू दिवसभर ९० च्या वर असेल आणि कॉल स्टॅकमध्ये खरोखर हिशेबाचंच काम दिसत असेल, तर आता हार्डवेअरचं बोला. कलेक्शन सर्व्हिसेसचा आठवड्याचा डेटा आणि वही सोबत ठेवा; कुठल्या टप्प्यानंतर किती फरक पडला, पुरवठादार पहिल्यांदा तेच विचारेल.